टाळूच्या खिडकीतून

बाळाच्या पायातल्या पट्टीवर त्याचं स्वतःचं नाव नाही, आईचं आहे. त्याखाली जन्माची वेळ आणि वजन : ९८० ग्रॅम. दिवस भरायला १२ आठवडे बाकी असताना ते जन्मलं. आज त्याचा तिसरा दिवस. सकाळचा राउंड संपलाय आणि निवासी डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र ढकलत त्याच्या पेटीपाशी घेऊन आल्या आहेत.

“सिस्टर, जेल कोमट आहे ना?” हा त्यांचा पहिला प्रश्न. एवढ्या लहान बाळाच्या डोक्याला गार जेल लागलं, तर तेवढ्यानेही त्याच्या अंगातली ऊब जाते. सिस्टर कोपरापर्यंत हात धुऊन पेटीची गोल दारं उघडतात आणि दोन्ही तळहातांत बाळाचं डोकं सरळ धरतात. डॉक्टर प्रोब पुसून घेतात आणि टाळूवर नुसता टेकवतात, दाबत नाहीत. डॉक्टरांची नजर यंत्राच्या पडद्यावर, सिस्टरांची मॉनिटरवर. ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला की सिस्टर “थांबा” म्हणतात आणि प्रोब उचलला जातो. आकडा सावरला की काम पुन्हा सुरू. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपतं.

बाळाची आई प्रसूती कक्षातून चाकांच्या खुर्चीवर आली आहे. “मॅडम, डोक्यात काय बघताय?” असं ती विचारते. डॉक्टर तिच्याजवळ खाली बसतात. “ताई, मेंदूत कुठे रक्त उतरलंय का ते बघितलं. आज तरी दिसत नाही. पुढच्या आठवड्यात परत बघायचं, आणि घरी जाण्याआधी परत.” आईला ‘दिसत नाही’ एवढंच ऐकू येतं आणि तिचा चेहरा सैलावतो. डॉक्टर मात्र ‘परत’ हा शब्द दोनदा उच्चारतात. का, ते समजायला मला वेळ लागला. हा लेख त्या ‘परत’विषयी आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाहणं’ हा विषय सुचवला, तेव्हा डोळ्यांना न दिसणारं पाहण्याची गरज सर्वांत जास्त कुठे असते, याचा विचार करत मी नवजात अतिदक्षता विभागात पोचले. एका महानगरातल्या सार्वजनिक रुग्णालयात, आणि नंतर एका जिल्ह्याच्या गावी. जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अपुऱ्या दिवसांची, म्हणजे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली, असा जागतिक अंदाज आहे. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली. इतकी बाळं दुसऱ्या कुठल्याही देशात अपुऱ्या दिवसांची जन्मत नाहीत. यांतल्या फार लवकर आलेल्या बाळांना वाचवण्याचं कौशल्य गेल्या काही दशकांत आपल्याकडेही पुष्कळ वाढलं. वाचलेल्या बाळाच्या मेंदूचं काय झालं, हे बघण्याचं कौशल्य त्याच वेगाने सगळीकडे पोचलेलं नाही.

पाचवीच्या आधीचे दिवस

विभागाबाहेरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. “सातमाशी जगतं हो, आठमाशाचंच भय,” असं त्या शेजारच्या बाईला समजावत होत्या. ही समजूत आपल्याकडे घरोघर ऐकू येते. वैद्यकशास्त्र याच्या अगदी उलट सांगतं. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने असतो, आणि त्यामागचं एक मोठं कारण मेंदूत आहे.

मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेला गर्भावस्थेत पेशींचा एक दाट पट्टा असतो, त्याला जर्मिनल मॅट्रिक्स म्हणतात. पुढे मेंदूच्या पृष्ठभागाकडे प्रवास करणाऱ्या अनेक पेशी इथे जन्म घेतात. इमारत उभी राहीपर्यंत परांची बांधलेली असते आणि काम झालं की ती उतरवतात, तसा हा पट्टा ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास विरत जातो. तो असतो तोवर त्याला भरपूर रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंती मात्र अतिशय पातळ, तात्पुरत्या कामापुरत्याच असतात. पूर्ण दिवसांच्या बाळात ही जागा जवळजवळ मिटलेली असते. २६-२८ आठवड्यांच्या बाळात ती पुरती जागी असते.

त्यात आणखी एक अडचण असते. तुमच्या-माझ्या शरीरात रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूकडे जाणारा प्रवाह साधारण सारखा राहतो, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावतात. हे नियंत्रण अपुऱ्या दिवसांच्या बाळात अजून कच्चं असतं. श्वासाच्या नळीचा त्रास, शिरेतून घाईने दिलेलं सलाइन, अँब्युलन्सचा खडबडीत प्रवास यांतला प्रत्येक चढउतार थेट त्या पातळ भिंतींवर जाऊन आदळू शकतो. भिंत फुटली की रक्त त्या पट्ट्यात साचतं, जास्त झालं तर पोकळीत उतरतं. यांतले बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत होतात. पुष्कळदा त्यांचं बाहेरून कुठलंही लक्षण दिसत नाही. बाळ तसंच पडून असतं, मॉनिटरही तेच आकडे दाखवत राहतो.

म्हणून या विभागातल्या सिस्टर पहिल्या दिवसांत बाळाला शक्य तितकं कमी हलवतात. डोकं मधोमध, पलंग डोक्याकडून किंचित उंच, लंगोट बदलताना पाय फार वर उचलायचे नाहीत, दिवे मंद. रक्त काढणं, तोंड पुसणं, कूस बदलणं ही कामं एकत्र करून मधल्या वेळात बाळाला हातही लावायचा नाही. या साध्या शिस्तीला कुठलंही यंत्र लागत नाही. लागतात ती माणसं, आणि एका सिस्टरवर किती बाळं सोपवली आहेत यावर ही शिस्त टिकते किंवा मोडते.

याच दिवसांत घरी पाचवीची तयारी चाललेली असते. बाळ पेटीत असलं तरी आजी पाटा-वरवंटा मांडते, कोरा कागद ठेवते. त्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते अशी श्रद्धा. पहिल्या स्कॅनमध्ये काही दिसलं, तर पुष्कळ आईबापांना तेही तसंच लिहून टाकलेलं वाटतं. डॉक्टरांचा निम्मा वेळ ही समजूत दूर करण्यात जातो.

हाड आडवं आलं की आवाज थांबतो

सोनोग्राफी आवाजाने बघते. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांच्या लहरी प्रोबमधून आत जातात, आतल्या रचनांवरून परततात, आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र चित्र काढतं. हाडापुढे मात्र या लहरी हतबल होतात. मोठ्या माणसाच्या कवटीतून मेंदू असा बघता येत नाही, तो याच कारणाने.

बाळाच्या बाबतीत निसर्गाने एक जागा मोकळी ठेवलेली असते. कपाळाच्या वर, कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात तिथली टाळू साधारण दीड वर्षापर्यंत उघडी राहते. आपल्याकडच्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळाची टाळू तेलाने भरली. तिथे बोट ठेवून आतली धडधड अनुभवली. टाळू खोल गेली की अंगातलं पाणी कमी झालंय आणि फुगली की काहीतरी बिघडलंय, हे त्यांना ठाऊक होतं. सोनोग्राफीचा प्रोब बसतो तो त्याच जागी.

पडद्यावर द्रव काळा दिसतो आणि ताजं रक्त पांढरं. ऐकायला सोपं वाटतं, पण पोकळ्यांच्या आत द्रव तयार करणारा कोरॉइड प्लेक्सस नावाचा एक भाग असतो आणि तोही पांढराच दिसतो. मग रक्त कुठलं आणि शरीराचा नेहमीचा भाग कुठला? निवासी डॉक्टरांनी मला पडद्यावर एक खाच दाखवली. त्या खाचेच्या पुढे कोरॉइड प्लेक्सस कधीच जात नाही. तिथे पांढरं दिसलं तर ते रक्त. असे कितीतरी बारकावे शिकणारे डॉक्टर शेकडो स्कॅन करता करता हातात आणि डोळ्यांत मुरवतात. कपाळापासून मागच्या बाजूपर्यंत प्रोब कलवत ठरलेले छेद घ्यायचे, मग तो आडवा वळवून एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे. लहान मेंदू बघायला कानामागची छोटी फट वापरायची. क्ष-किरण नाहीत, भूल नाही, बाळाला पेटीतून बाहेर काढायचं नाही.

आकड्यांची शिडी

सत्तरच्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव डॉक्टरांना कळायचा तो बहुतेक वेळा शवविच्छेदनाच्या टेबलावर. त्यामुळे समज अशी झाली होती, की रक्तस्राव झालेली बाळं जगत नाहीत. सीटी स्कॅन आल्यावर हे चित्र बदललं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये लू-अ‍ॅन पपाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार त्यांतल्या २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव आढळला, आणि त्यांतली काही बाळं जगली होती. म्हणजे रक्तस्राव होऊनही, कुणाला कळलंही नाही अशा रीतीने, बाळं घरी जात होती.

पपाइल यांनी तेव्हा केलेली चार पायऱ्यांची वर्गवारी आजही जगभरच्या रुग्णपत्रिकांवर लिहिली जाते. पहिल्या पायरीत रक्त त्या पट्ट्यापुरतंच असतं. दुसरीत ते पोकळीत उतरतं, पण पोकळी फुगत नाही. तिसरीत फुगते. चौथीत मेंदूच्या गाभ्यातही रक्त दिसतं. ही चौथी पायरी म्हणजे वाहत वाहत पुढे गेलेलं रक्त, असं आधी मानलं जाई. पुढे बॉस्टनचे जोसेफ व्होल्प आणि इतरांच्या अभ्यासातून लक्षात आलं, की आतल्या रक्ताच्या दाबाने शिरेचा मार्ग तुंबतो आणि तिच्या वाटेवरचा मेंदूचा भाग मरतो. म्हणूनच ही इजा बहुतेकदा एकाच बाजूला असते आणि पुढे शरीराच्या विरुद्ध बाजूचा हातपाय कमजोर राहण्याचा धोका असतो.

सीटीसाठी बाळाला उचलून न्यावं लागे आणि क्ष-किरणांचा मारा होई. १९७९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या चमूने बाळाच्या खाटेपाशीच सोनोग्राफीने मेंदूतली इजा टिपता येते हे दाखवलं. पुढच्या काही वर्षांत टाळूतून बघण्याची पद्धत रुळली. तेव्हापासून हे पाहणं बाळाला जागचं न हलवता होऊ लागलं, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा होऊ लागलं.

पुन्हा पुन्हा बघण्याचा पहिला उपयोग रक्तस्रावानंतरच्या आठवड्यांत होतो. गोठलेल्या रक्ताने द्रवाची वाट अडली की पोकळ्या फुगत जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मऊ असतो, त्यामुळे डोक्याचा घेर वाढण्याच्या कितीतरी दिवस आधी आत पोकळी फुगलेली असते. नुसत्या टेपवर विसंबलं तर उशीर होतो. माल्कम लेव्हीन यांनी १९८१ साली पोकळीची रुंदी मोजून आठवड्यानुसार ताडण्याचा तक्ता दिला. तो अजून वापरात आहे. वाढ थांबली नाही तर द्रव काढावा लागतो, आणि काही बाळांना शेवटी शंट बसवावा लागतो, म्हणजे मेंदूतला द्रव पोटात नेणारी बारीक नळी. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा स्वस्त छाब्रा शंट युगांडात बेंजामिन वॉर्फ यांनी महागड्या परदेशी शंटशी ताडून पाहिला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरच्या निकालांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. गरीब घरातल्या बाळांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

रक्त नसलं, तरीही

आता त्या ‘परत’चं दुसरं, अधिक गंभीर कारण.

पोकळ्यांच्या भोवतालच्या पांढऱ्या द्रव्यातून मेंदूचे आदेश हातापायांकडे नेणारे तंतू जातात. या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात अगदी कोवळ्या, अर्धवट तयार असतात. ऑक्सिजन-रक्ताची चणचण किंवा जंतुसंसर्गाचा दाह त्यांना सोसत नाही. त्या मेल्या तर रक्ताचा एक थेंबही न सांडता मोठी इजा होते. बँकर आणि लारोश यांनी १९६२ साली या इजेचं सविस्तर वर्णन केलं. पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया या लांबलचक नावाला विभागात सगळे ‘पीव्हीएल’ म्हणतात. पायांकडे जाणारे तंतू पोकळीच्या अगदी लगत असतात, म्हणून या इजेत पाय आधी आणि जास्त ताठरतात. टाचा न टेकवता चवड्यांवर चालणारं मूल आपण पाहिलेलं असतं. त्यांतल्या काही मुलांची कथा इथे सुरू झालेली असते.

ही इजा पडद्यावर येण्याचं तिचं एक वेळापत्रक आहे. पहिल्या दिवसांत पोकळीच्या कडेला जराशी पांढरट छटा दिसते, कधी तीही दिसत नाही. दोन ते चार आठवड्यांनी तिथे लहान लहान काळी छिद्रं उमटतात. आणखी काही आठवडे गेले की ती छिद्रं मिटतात आणि मागे राहते किंचित मोठी, वेड्यावाकड्या कडांची पोकळी. तिसऱ्या दिवशीच्या स्कॅनवर ‘सर्व ठीक’ लिहिलेलं असेल, तिसऱ्या महिन्यातलाही ठीक वाटेल, आणि मधल्या महिनाभरात छिद्रं येऊन गेलेली असतील. नेदरलँड्समधल्या लिंडा द व्ह्रीस यांनी आयुष्यभर जो आग्रह धरला तो हाच : क्रमाने, ठरावीक अंतराने, दिवस भरण्याच्या तारखेपर्यंत बघत राहा.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०२० च्या सूचनाही त्याच दिशेच्या आहेत. ३० आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सोनोग्राफी ७ ते १० दिवसांच्या आत करावी, मग ४ ते ६ आठवड्यांच्या वयात, आणि मग दिवस भरण्याच्या सुमारास किंवा घरी जाण्याआधी. पहिली तपासणी आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत बहुधा होते. दुसरी आणि तिसरी निसटते, कारण तोवर बाळ दूध प्यायला लागलेलं असतं, वजन वाढू लागतं, खाटेची दुसऱ्या बाळाला गरज असते आणि गावी शेतीची कामं खोळंबलेली असतात.

एमआरआयची खोली

सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. पांढऱ्या द्रव्यात विखुरलेली, छिद्रं न पाडणारी बारीक इजा तिला नीट दिसत नाही. ती एमआरआयला दिसते.

एमआरआयच्या खोलीत न्यायचं बाळ आता पेटीतलं नसतं. ते दोन-अडीच किलोचं, दिवस भरत आलेलं असतं. सिस्टर त्याच्या मनगटातले काळे मणी, पायातले वाळे, झबल्याची बटणं, दुपट्याची पिन एकेक करून काढतात. चुंबकाच्या खोलीत धातूला जागा नाही. मग आईला पोटभर पाजायला सांगतात. बाळाला गुंडाळून, कानांवर आवाज रोखणारी आवरणं लावून, भरल्या पोटी झोपलेलं असतानाच आत सरकवतात. भुलीचं औषध शक्यतो टाळायचं असतं. यंत्राची ठोकठोक सुरू होते. बाळ जागं झालं की सगळं थांबतं, पुन्हा थोपटणं, पुन्हा झोपवणं. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाला सकाळ जाते.

२००६ साली लिअन वुडवर्ड, टेरी इंडर आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. दिवस भरण्याच्या वेळच्या एमआरआयमध्ये दिसलेली पांढऱ्या द्रव्याची इजा दोन वर्षांच्या वयातल्या अडचणींशी जोडलेली होती. मग प्रत्येकच बाळाचा एमआरआय का करू नये? ब्रिटनमधल्या ई-प्राइम अभ्यासात ५११ बाळांच्या दोन्ही तपासण्या करून पालकांना सोनोग्राफीचा निकाल सांगायचा की एमआरआयचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. एमआरआयने भाकीत थोडं सुधारलं, आईची काळजीही थोडी कमी झाली, खर्च मात्र वाढला. अमेरिकन अकॅडमीनेही सरसकट एमआरआयची शिफारस केलेली नाही.

मला यातून एक गोष्ट पटली. एमआरआय मोलाचा आहे, आणि सोनोग्राफीत शंका आलेल्या बाळासाठी तो मिळायलाच हवा. पण ज्या जिल्ह्यात दुसरी सोनोग्राफी होत नाही, तिथे एमआरआयच्या यंत्राची मागणी आधी करणं म्हणजे क्रम उलटा लावणं आहे.

पेटीत येण्याआधी

पडद्यावरचं चित्र सुधारलं म्हणजे मुलाचं आयुष्य सुधारलंच, असंही नसतं. इंडोमेथॅसिन नावाच्या औषधाने मोठे रक्तस्राव कमी होतात हे माहीत होतं. १,२०२ बाळांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल २००१ साली आले. मोठ्या रक्तस्रावांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ९ वर आलं होतं. पण १८ महिन्यांच्या वयात मृत्यू किंवा अपंगत्वाचं प्रमाण औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच भरलं, ४७ आणि ४६ टक्के. मेंदूची वाढ एका चित्रात मावत नाही.

ज्या उपायांचा भक्कम आधार आहे, ते बहुतेक जन्माआधीचे आहेत आणि फारसे महाग नाहीत. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ साली दाखवलं, की अवेळी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. पुढच्या अभ्यासांत मेंदूतला रक्तस्रावही त्यामुळे घटतो हे दिसलं. आपल्या सरकारने २०१४ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार उपकेंद्रातल्या एएनएम ताईही डेक्सामेथॅसोनचा पहिला डोस देऊन आईला पुढे पाठवू शकतात. खूप लवकर होऊ घातलेल्या बाळंतपणात मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचा, धोका कमी होतो. आणि आईलाच बाळंतपणाआधी मोठ्या रुग्णालयात पोचवणं हे जन्मलेल्या इवल्या बाळाला रस्त्यावरून हलवण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित असतं.

जन्मानंतर आईचं दूध. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. आईच्या दुधाने आतड्यांचा गंभीर आजार आणि जंतुसंसर्ग कमी होतात, आणि हे दोन्ही पांढऱ्या द्रव्याचे शत्रू आहेत.

यंत्र कुणाच्या खोलीत

जिल्ह्याच्या गावी नवजात शिशू कक्ष स्वच्छ होता, सिस्टर तत्पर होत्या. सोनोग्राफीचं यंत्र मात्र दुसऱ्या मजल्यावर, गरोदर बायांच्या रांगेपाशी. बाळाला ऑक्सिजनसकट तिथवर न्यायचं, की न बघताच राहू द्यायचं, हा तिथल्या बालरोगतज्ज्ञांपुढचा रोजचा प्रश्न.

यात कायद्याचाही भाग आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये संसदेने तो देशासाठी केला. त्याची गरज किती खरी आहे, हे २०११ च्या जनगणनेने दाखवलं : राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली. या कायद्यात सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं, आणि हलवता येणारं यंत्रही नोंदलेल्या जागेबाहेर मनाला येईल तेव्हा नेता येत नाही. जन्मून आठवडा झालेल्या बाळाचं डोकं तपासणाऱ्या यंत्रालाही हे नियम लागू होतात. कायदा सैल करावा असं मला मुळीच वाटत नाही. नवजात कक्षासाठी वेगळं यंत्र रीतसर नोंदवणं, त्याला लहान बाळांसाठीचा प्रोब घेणं, आणि कक्षातल्या डॉक्टरांना ते चालवायला शिकवणं हे सगळं कायद्यात राहूनच करता येतं. त्यासाठी प्रशासनात कुणीतरी हा विषय आपला मानायला हवा.

सुट्टीनंतर

रुग्णालयातून सुट्टी मिळते तेव्हा आईच्या हातात एक कार्ड असतं. मी पाहिलेल्या कार्डांवर वजन होतं, लसींच्या तारखा होत्या, डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. पुढच्या मेंदूच्या सोनोग्राफीची तारीख फार थोड्यांवर होती.

घरी गेल्यावरचं पाहणं डोळ्यांनी आणि हातांनी करायचं असतं. त्यात आधी वय नीट मोजावं लागतं. १२ आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर वाढीच्या हिशेबात ते जेमतेम तीन महिन्यांचं; यालाच दुरुस्त वय म्हणतात. हे न सांगितल्यामुळे कितीतरी आया ‘अजून मान धरत नाही’ म्हणून रात्र रात्र जागतात. दुसऱ्या टोकाला, ‘लवकरचं आहे, होईल सावकाश’ म्हणून खरी अडचण वर्ष वर्ष मागे पडते.

दुरुस्त वयाच्या तीन ते पाच महिन्यांत निरोगी बाळ उताणं पडून हातापायांची एक विशिष्ट, बारीक, सतत चाललेली चळवळ करतं. हाइन्झ प्रेख्टल यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तीच बघतात. ती नसली तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता खूप वाढते. हे पाहायला काही मिनिटांचा व्हिडिओ पुरतो आणि तो आई मोबाइलवर काढू शकते. २०१७ साली आयोना नोवॅक आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास तपासून मांडलं, की ही हालचाल, एमआरआय आणि हॅमरस्मिथची हातांनी करायची तपासणी एकत्र वापरली, तर दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांआधीही सेरेब्रल पाल्सी ओळखता येते. आपल्याकडे निदान पुष्कळदा मूल दोन वर्षांचं झाल्यावर, चालत नाही म्हणून होतं. मेंदू सर्वांत वेगाने जुळवून घेतो ती दोन वर्षं तोवर गेलेली असतात.

यासाठी लागणारी यंत्रणा कागदावर आहे, पुष्कळ ठिकाणी जमिनीवरही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर हस्तक्षेप करणारी केंद्रं त्याचाच भाग आहेत. नवजात बाळाच्या घरी जाण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. तिच्यातून देशाने धडा घेतला आणि आज आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांच्या पिशवीत एक मोजपट्टी असावी, डोक्याचा घेर लिहायला तक्ता असावा, आणि घेर वेगाने वाढला तर कुठे फोन करायचा तो नंबर असावा.

जिल्हा केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट ताई सतरंजीवर एका आईला बाळाचे पाय मोकळे कसे करायचे ते दाखवत होत्या. बाळाच्या फाइलीत छिद्रं दिसलेला, सहाव्या आठवड्यातला स्कॅन होता. मी विचारलं, हा कागद नसता तर? त्या म्हणाल्या, “तर ही बाई माझ्याकडे दीड वर्षाने आली असती. स्कॅनने बाळ बरं होत नाही, पण ते माझ्याकडे वेळेत येतं.” स्कॅन किती मोलाचा ठरला ते इथे, या सतरंजीवर कळतं.

आरोग्य खात्याच्या अहवालांत यंत्रं किती घेतली, खाटा किती वाढल्या, किती बाळं वाचली हे आकडे असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा छापायला हवा : ३० आठवड्यांआधी जन्मून घरी गेलेल्या बाळांपैकी किती बाळांचे तिन्ही स्कॅन झाले, आणि किती बाळं दुरुस्त वयाची दोन वर्षं पुरी होईपर्यंत यंत्रणेच्या नजरेसमोर राहिली. हा आकडा मिळवायला नवं संशोधन लागत नाही, एक वही लागते आणि ती रोज भरणारं माणूस लागतं. सरकारकडे, आपल्या आमदारांकडे, जिल्हा परिषदेकडे हा आकडा मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि अशी लाखो बाळं जन्मणाऱ्या देशात तो मागणं आपलं कामही आहे.